खुशालरावांची पूर्वाभिमुख जीप

खुशालरावांना रिकामी वस्तू बघवत नसे. रिकाम्या माणसाचं त्यांना काही वाटत नसे, ते स्वतःच पारावर तासन्‌तास बसत. पण एखादं चाक भिंतीला नुसतं टेकून ठेवलेलं दिसलं की त्यांचा जीव खालीवर होई. चांदूर बाजारजवळच्या त्यांच्या खेड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी सायकलच्या मागच्या चाकाला पत्र्याची पाती जोडून धान्य उफणायचं यंत्र केलं. वाऱ्याची वाट बघायला नको, पायडल मारलं की वारा. यंत्र चाललंही. फक्त भुशासोबत ज्वारीही उडून शेजारच्या खळ्यात गेली, आणि शेजाऱ्याने ती मोठ्या आदराने झाडून घेतली.

सुभद्राबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच नवऱ्याची एक खूण ओळखून ठेवली होती. डोक्यात काही शिजू लागलं की खुशालराव टोपी काढून गुडघ्यावर घालत. टोपी गुडघ्यावर दिसली की सुभद्राबाई घरातल्या वस्तू मनातल्या मनात तपासत. जातं जागेवर आहे. पाळण्याच्या कड्या आहेत. शिवणयंत्राचा पट्टा आहे. मग त्या हळूच विचारत, "अवो, काय काढून राहिले आता?"

"काई नाई," खुशालराव म्हणत, आणि टोपी तशीच गुडघ्यावर राही.

एकसष्ट सालच्या मार्गशीर्षात टोपी गुडघ्यावर गेली, तेव्हा मात्र सुभद्राबाईंनी वस्तू दोनदोनदा तपासल्या. कारण त्या वर्षी त्यांचा संत्र्याचा बगीचा पहिल्या बहाराला आला होता.

हा बगीचा त्यांच्या हट्टाचा. ओढ्याकाठच्या तुकड्यात आधी पऱ्हाटी, म्हणजे कापूसच असायचा. सुभद्राबाईंच्या माहेरी संत्री होती. कलमं त्यांनी तिकडून आणवली, स्वतः उभं राहून लावून घेतली, पहिल्या उन्हाळ्यात घागरीने पाणी घातलं. थोरले दीर भगवंतराव या गोष्टीला राजी नव्हते. ते वाईट माणूस नव्हते. पांढरं सोनं सोडून पिवळ्या फळामागं कशाला लागायचं, इतकाच त्यांचा मुद्दा होता. शेवटी घरात ठरलं होतं की पहिल्या बहारापर्यंत थांबायचं. फुलं आली तर बगीचा राहील, नाही आली तर झाडं काढून पुन्हा पऱ्हाटी. भगवंतरावांनी बोललेला शब्द फिरवल्याचं गावाला माहीत नव्हतं.

दिराशी सुभद्राबाई समोरासमोर बोलत नसत; तशी रीतच होती. त्यांना काही सांगायचं झालं की त्या खांबाकडे तोंड करून सांगत, आणि भगवंतराव त्याचं उत्तर बैलाला देत. एवढ्या अडचणीतूनही दोघांचं भांडण नीट होत असे.

संत्र्याला बहार हवा तर आधी त्याला उपाशी ठेवावं लागतं. मार्गशीर्षात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, थोडी गळू द्यायची. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की झाड अंगभर कळ्या काढतं. ताण नेमका तोडावा लागतो. लांबला तर कळ्या बाजूलाच राहतात, फांद्या वाळू लागतात. तेव्हा ताणाच्या दिवसांत बाकी सगळं बगीच्यात असतं, पण विहिरीवरचं इंजन बंद असतं.

बंद, म्हणजे रिकामं. खुशालराव रोज त्याच्याकडे बघत होते.

आणि एक दिवस ते चांदूर बाजाराला गेले ते संध्याकाळी एक जीप घेऊन आले. घेऊन आले म्हणजे दोन बैल जुंपून ओढत आणली. शालिकराम मिस्त्रीच्या दुकानामागे ती कित्येक पावसाळे उभी होती. लढाईनंतर लष्कराने विकलेली. पुढे धारणीकडच्या जंगलाच्या एका ठेकेदाराकडे चालली. तिथे इंजन फुटलं आणि ठेकेदाराने तिला मिस्त्रीच्या गळ्यात बांधलं. चार चाकं होती, सुकाणू होतं, गियरची पेटी होती. इंजनाच्या जागी एक कोंबडी अंडी घालत असे.

सुभद्राबाई ओसरीवर आल्या. "हे काय आनलं?"

"जीप."

"जीप व्हय? मले वाटलं मोठी चाळणी आनली."

"अवं, लढाईतली हाय. बर्मापर्यंत गेल्ती म्हनतात."

"मंग परत कायले आली? आन आपली दमनी कोठी हाय?"

दमणी म्हणजे सुभद्राबाईंची माहेरी जायची हलकी बैलगाडी. खुशालराव जीपच्या चाकाकडे बघू लागले. "मिस्त्रीले देली. बदल्यात."

"चांगली दमनी देऊन हे आनलं?"

"याले बैल लागत नाई."

"इंजनबी लागत नाई काय?"

खुशालराव बाजेवर बसले, टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर घातली आणि विहिरीच्या दिशेने असं बघितलं, की सुभद्राबाईंना पुढचं सांगायची गरजच उरली नाही.

त्यांनी विरोध केला नाही असं नाही. दोन दिवस खुशालरावांच्या ताटात नुसतंच पिठलं पडत होतं. पण खुशालराव धारणीबद्दल बोलत. तिकडे रस्ते नाहीत म्हणे, नुसतं जंगल, आणि जीप तिथे रानडुकरासारखी शिरते. बोलता बोलता त्यांचा चेहरा असा उजळे की सुभद्राबाईंना हसू आवरेना. शेवटी त्या म्हणाल्या, "न्या इंजन. पन संक्रांत झाली का दुसऱ्या दिवशी, करीले, थे विहिरीवर पाह्यजे. मोटबी नाई आता आपल्याजवळ."

हे खरं होतं. इंजन आलं त्या आनंदात खुशालरावांनी मोटेचं कातडं रिकामं पडलंय म्हणून घरातल्या सगळ्यांना वहाणा करून घेतल्या होत्या.

"करीले म्हंजे करीले," खुशालराव इंजनावर हात ठेवून म्हणाले.

शालिकराम मिस्त्री आला. कमी बोलणारा, गालात तंबाखू धरून काम करणारा माणूस. विहिरीजवळच्या निंबाखाली तीन लाकडी बल्ल्या उभ्या करून त्याने साखळीला इंजन टांगलं. पंपाचं इंजन ते, अंगाने जाड, दोन बाजूंना दोन भली मोठी चाकं. जीपचं झाकण बसेना, म्हणून झाकण काढलं. पुढची जाळी आडवी आली, म्हणून जाळी काढली. इंजन थंड ठेवायचं पाण्याचं पिंप कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून ते बसायच्या जागेमागे उभं केलं.

सुभद्राबाई शिदोरी घेऊन आल्या तेव्हा इंजन साखळीवर झुलत होतं. पट्ट्याच्या चाकाजवळच्या अंगावर त्यांनी दर दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं. विहिरीवरच्या ओट्यावर ते अंग पूर्वेला असे. सूर्य उगवला की पहिलं ऊन स्वस्तिकावर पडे. आता तेच अंग जीपमध्ये बसणाऱ्याच्या पायांकडे वळलेलं होतं.

"हे असंच बसवनार?"

"असंच," मिस्त्री म्हणाला.

"म्हंजे याईचे पाय रोज देवाच्या तोंडाले लागन?"

"बाई, इंजनाले तोंड नसते."

"दसऱ्याले नारळ कोणीकडून फोडता मंग? थेच तोंड. तोंड समोर पाह्यजे."

खुशालरावांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने तंबाखूची बाजू बदलली. बाईमाणसाशी देवाच्या गोष्टीत कोण वाद घालतो? "फिरवू," तो म्हणाला. "गोल वस्तू हाय. इकडून फिरली काय अन्‌ तिकडून फिरली काय."

हे वाक्य पुढे गावात पुष्कळ चाललं.

पहिल्यांदा जीप सुरू करायची त्या दिवशी सगळं गाव जमलं. भगवंतरावही आले. समोर उभं राहणं धोक्याचं, म्हणून ते विचार करून जीपच्या मागे, कडब्याच्या गंजीला टेकून बाजेवर बसले. नारळ फुटला. सालदार गडी देवमनने हॅन्डल फिरवलं. इंजनाने डुग, डुग, डुग सुरू केलं, आणि जीपचा खिळान्‌खिळा थरथरायला लागला. खुशालरावांनी टोपी नीट केली, समोरच्या रस्त्याकडे बघितलं, पहिला गियर टाकला आणि पाय उचलला.

जीप मागे गेली.

भगवंतरावांना उडी मारताना गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाज गंजीत शिरली, तिच्यामागून जीप शिरली, आणि कडब्याच्या पेंढ्या खुशालरावांच्या डोक्यावर एकेक करून पडू लागल्या.

"खुशाल, लेका," भगवंतराव धोतर झटकत म्हणाले, "मले मारायचंच होतं तं समोरून यायचं!"

शालिकराम मिस्त्री जीपभोवती फिरला. एका बाजूने त्याने इंजनाच्या चाकाकडे बघितलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं. मग पुन्हा पहिल्या बाजूला आला. एका अंगाने सुलटं फिरणारं चाक दुसऱ्या अंगाने उलटं दिसतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी तेवढं ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. इंजनाचं तोंड फिरवलं तेव्हाच जीपचं नशीब फिरलं होतं. पुढे जायचे तीन गियर आता मागे नेत होते, आणि मागे जायचा एकुलता एक गियर पुढे नेत होता.

सुभद्राबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या घरात निघून गेल्या. त्या दिवशी खुशालरावांना जेवणात वांग्याचं भरीत मिळालं, वर तेलाची धार. का, ते कोणी विचारलं नाही.

आता इंजन पुन्हा काढून फिरवायचं, तर नवी भोकं, नवे पट्टे, नवं सगळं. मिस्त्री म्हणाला, बहार झाल्यावर बघू. खुशालरावांनीही मान डोलावली आणि मग दुसऱ्या दिवसापासून ते सांगू लागले की माणसाला पुढे जायला एक गियर पुरतो. पुरतही होता, फक्त त्या गियरमध्ये जीप बैलगाडीच्या चालीने चाले. मागे मात्र ती घोड्यासारखी पळे. मळ्यातून घरी लवकर यायचं असलं की खुशालराव मान वळवून उलटे येत, आणि पारावरचे लोक उठून नमस्कार करीत.

"खुशालराव, येऊन राहिले का जाऊन राहिले?"

"तुमाले काय वाटते?"

"तोंड पाहून तं वाटते, चालले. पाठ पाहून वाटते, आले."

पौष लागला. बहिरमची जत्रा सुरू होती. सुभद्राबाईंनी कलमं लावली तेव्हाच बहिरमबुवाला बोलून ठेवलं होतं, पहिल्या बहाराआधी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे करीन. संक्रांत अजून पुढे होती. खुशालराव म्हणाले, "जीपनंच जाऊ." त्यांच्या आवाजात इतकी आशा होती, की सुभद्राबाई कणीक, वांगी आणि मडकं घेऊन जीपमध्ये बसल्या.

निघण्याआधी त्या बगीच्यात एक फेरी मारून आल्या. ओढ्याकडची जमीन हलकी होती, खाली मुरूम. तिथल्या झाडांची पानं जरा जास्तच मुरडल्यासारखी वाटली. त्या म्हणाल्याही, "थंडी कमी हाय अवंदा. वारा कोरडा हाय." खुशालराव म्हणाले, "करीले लावतो नं इंजन. सांगतलं नं." सुभद्राबाईंनी पुन्हा एकदा मागे वळून बघितलं आणि विषय सोडला. नवसाला जाताना कुरकुर करू नये म्हणून.

वाटेत जत्रेच्या बैलगाड्या मागून येत आणि पुढे जात. एका गाडीतल्या म्हाताऱ्याने बैलांचे कासरे आवरले. "राम राम खुशालराव. दोरी फेकू काय?"

"राम राम. तुमी व्हा पुढं."

"पुढं तं झालोच हावो," म्हातारा म्हणाला, आणि गाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सुभद्राबाईही हसल्या. खुशालरावांनी भोंगा वाजवला. भोंगा उत्तम होता.

बहिरमला पोचून त्यांनी दर्शन घेतलं. चुलीसाठी जागा धरली, गोवऱ्या पेटवल्या. सुभद्राबाई रोडग्यांची कणीक मळत होत्या, खुशालराव जमलेल्या लोकांना जीपमध्ये पंपाचं इंजन कसं बसतं ते समजावत होते. तेवढ्यात यष्टीतून उतरून देवमन धावत येताना दिसला. सालदार माणूस, जत्रेला यायचं असतं तर धुतलेलं धोतर नेसून आला असता.

"बाई, ओढ्याकडचे झाडं पानं टाकून राहिले. तुमी निंगाले तवापासून आळ्याआळ्यात सडा हाय."

सुभद्राबाईंचा हात कणकेतच राहिला. "मोठ्या भाऊजींनी पाह्यलं?"

"सकाळीच आल्ते. एक फांदी मोडून पाह्यली. म्हने, अजून ओल हाय अंदर. आज पानी भेटलं तं भेटलं, नाईतर गेले. म्हने, मी काई वाईट चिंतत नाई, पन पऱ्हाटीचं बियानं पाहून ठेवतो."

खुशालरावांनी टोपी काढली. ती गुडघ्यावर न ठेवता ते नुसतेच हातात धरून उभे राहिले. लोक पांगले. "मले वाटलं, करीपर्यंत…" ते म्हणाले. दुपार कलायला लागली होती. पुढच्या गियरने निघालं तर घरी पोचेपर्यंत अंधार. मग इंजन काढायचं, ओट्यावर बसवायचं.

सुभद्राबाईंनी हात धुतले. कणीक शेजारच्या चुलीवरच्या बाईच्या ओटीत दिली. "माय, माह्या नावानं भाजजो आन देवाले दाखवजो." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "मागं किती पळते हे?"

"मागं तं लयच पळते, पन…"

"मंग मागंच चाला."

अडचण एकच होती. मागे पाण्याचं पिंप उभं, त्याच्यापलीकडचं खुशालरावांना काही दिसेना. सुभद्राबाईंनी पदर कमरेला खोचला, पिंपाचं कडं धरलं आणि जीपच्या शेपटाकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या. "मी सांगतो," त्या म्हणाल्या. वऱ्हाडात बायकाही सांगतो, जातो म्हणतात, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडी ते फारच शोभलं.

आधी त्यांनी डावं-उजवं सांगून पाहिलं. पण दोघांची तोंडं दोन दिशांना, त्यामुळे त्यांचं डावं ते यांचं उजवं होई, आणि जीप एका पळसाला अंग घासून आली. मग सुभद्राबाईंनी दिशा बदलल्या.

"उगवतीकडं घ्या… अजून… आता सरळ. मावळतीकडं, मावळतीकडं! म्हैस हाय!"

"म्हैस कोणीकडं चालली?"

"सरळ चालली. तिले एकच तोंड हाय!"

देवमन पिंपाला मिठी मारून डोळे मिटून बसला होता. सकाळी पुढे गेलेल्या कितीतरी गाड्या आता परतीच्या वाटेवर होत्या, त्या सगळ्या मागे पडल्या. तो म्हाताराही भेटला. त्याने काही विचारायला तोंड उघडलं, पण तोवर जीप निघून गेली होती आणि फक्त खुशालरावांचा चेहरा त्याच्याकडे बघत बघत दूर जात होता.

चांदूर बाजाराला बाजाराचा दिवस. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या भेल्या, बांगड्यांची पालं, आणि मधून उलटी जीप. लोक बाजूला झाले ते हसत हसतच.

"खुशालराव, बहिरमहून पाय निंगत नाई काय?"

एका आजीने मात्र हात जोडले. "हसू नका रे बापहो. पाहा, देवाकडं पाठ नाई केली. तोंड तिकडंच ठेवून चालला. याले म्हनते भक्ती."

दुकानासमोर शालिकराम मिस्त्री उभा होता. जीप थांबली तशी सुभद्राबाई म्हणाल्या, "बसा." त्याने पाना घेतला आणि बसला. काय झालं ते त्याला वाटेत देवमनने सांगितलं, डोळे न उघडता.

बगीच्यात पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. भगवंतराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे होते. सुभद्राबाईंनी कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला, आणि ओढ्याकडच्या झाडांकडे एकदा बघितलं. फांद्या वरून उघड्या दिसत होत्या. त्यांनी एक डहाळी नखाने खरवडली. आत हिरवं होतं, अगदी फिकट.

मिस्त्री जीपच्या पुढे वाकून बोल्ट बघत होता. तो उठला. "आज काढलं तं परवा बसन."

खुशालराव सुकाणू धरून तसेच बसून होते. भगवंतरावांनी बैलाला काही सांगायचं म्हणून इकडेतिकडे बघितलं, पण जवळ बैल नव्हता.

सुभद्राबाई जीपच्या नाकाशी आल्या. स्वस्तिकावर वाटेतली सगळी धूळ बसली होती. त्यांनी ती पदराने पुसली. पुसता पुसता त्यांचा हात खालच्या पट्ट्याच्या चाकाला लागला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी निंबाच्या खोडाकडे तोंड केलं.

"म्हना, इंजन काढा म्हनून कोनं सांगतलं? पट्ट्याचं चाक इथं बाहेरच हाय. पट्टा खुंटीवर हाय. गाडीच विहिरीपाशी उभी करा म्हना."

मिस्त्रीने तंबाखू थुंकला. तो जीपकडून ओट्याकडे गेला, ओट्याकडून विहिरीतल्या पंपाकडे वाकला. "बसते," तो म्हणाला.

खुशालराव सुकाणूवरून म्हणाले, "आन पंप उलटा फिरला तं?"

आता या गोष्टीचं सगळ्यांनाच भय बसलं होतं. मिस्त्रीने गोल वस्तूबद्दल काही म्हटलं नाही. त्याने विचारलं, "ओट्यावर होतं तवा याचं तोंड कोणीकडं होतं?"

"पूर्वेले!" खुशालराव, देवमन आणि निंबाकडे बघणाऱ्या सुभद्राबाई एकदमच म्हणाले.

"आन आता?"

मळ्याची वाट पूर्वेकडूनच आत येई. जीप सगळी वाट उलटी आली होती, म्हणून तिचं शेपूट मावळतीला आणि नाक उगवतीला होतं. सुलटी आली असती तर आळ्यांच्या मधोमध तिला फिरवायलाही जागा नव्हती.

"मंग बरोबर फिरन," मिस्त्री म्हणाला. "आना पुढं. हळू."

बहिरमहून निघाल्यापासून पहिल्यांदाच पुढच्या गियरची गरज लागली, आणि हळू चालण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. जीप बोटाबोटाने सरकत ओट्याशी आली. पट्टा चढला. मिस्त्री म्हणाला, पट्ट्याच्या ओढीने गाडी विहिरीकडे सरकेल. कोणी काही सुचवायच्या आत भगवंतराव गोठ्याकडे निघाले होते. मारक्या बैलाची साखळी घेऊन ते आले, जीपला घातली, निंबाला बांधली, आणि चाकांपुढे स्वतः दगड लोटले. "मारक्या जनावराले अशीच लागते," ते साखळीला म्हणाले.

पंपात पाणी भरलं. देवमनने हॅन्डल मारलं. डुग, डुग, डुग. जीप जागच्या जागी कापू लागली. पाइपाने आधी खोकल्यासारखं केलं, मग तो थोडं गढूळ थुंकला, मग थांबला. सुभद्राबाई फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. पुन्हा खोकला, आणि मग पाणी आलं, भरल्या पाइपाने, दांडात पडून फेसाळत.

त्या पाण्याच्या पुढे पुढे चालत गेल्या. ओढ्याकडचं पहिलं आळं त्यांनी फोडलं. कोरड्या मातीने पाणी प्यायल्याचा आवाज होतो, तो ऐकत त्या क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मग दुसऱ्या झाडाकडे गेल्या. वळून बघितलं तर खुशालराव अजून जीपमध्येच. टोपी डोक्यावर, पाय ब्रेकवर, दोन्ही हात थरथरत्या सुकाणूवर, नजर समोर.

"अवो, उतरा आता!"

"ब्रेक सोडू काय?"

साखळी होती, दगड होते. पण सुभद्राबाई म्हणाल्या, "नका सोडू," आणि पुढच्या आळ्याकडे वळल्या.

माघात बगीचा फुलला. ओढ्याकडची काही झाडं उशिरा आणि विरळ फुलली, एकदोन फुललीच नाहीत. पण बाकीच्यांनी अशी पांढरी कळी काढली की वास पार पारापर्यंत जाई. भगवंतराव एका सकाळी येऊन धुऱ्यावर बराच वेळ उभे राहिले.

"देवमन," ते म्हणाले, "त्याईले इचार, सरकी आनून ठेवली मी पेरायले. तिचं काय करू?"

सुभद्राबाई झाडामागून म्हणाल्या, "देवमन, सांग म्हना, म्हशीले घाला. दूध वाढते."

"घालतो म्हना," भगवंतराव म्हणाले, आणि जाताना त्यांनी एक फूल खुडून टोपीत खोचलं.

इंजन पुन्हा ओट्यावर गेलंच नाही. मिस्त्री दोनदा येऊन विचारून गेला. तोंड फिरवू का, जीप सुलटी चालेल. सुभद्राबाईंनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं. जीप निंबाखाली उभी राहून पाणी उपसत राहिली, आणि ओलिताच्या दिवसांत खुशालराव तिच्यात बसून सुकाणू धरत राहिले. वाटेने जाणारे विचारत, "कोठपर्यंत आले खुशालराव?" ते म्हणत, "परतवाडा मागं पडला. आता धारणीच."

पुढच्या मार्गशीर्षात पाणी तोडलं. इंजन बंद झालं. खुशालराव ओसरीवर बसले, टोपी काढली, आणि बायकोकडे बघून पुन्हा डोक्यावर घातली. सुभद्राबाई उठून मळ्यात गेल्या. त्यांनी पट्टा उतरवून खुंटीला टांगला, निंबाची साखळी सोडली. मग कणीक आणि वांग्यांचं गाठोडं जीपमध्ये ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि पिंपाचं कडं धरून, शेपटाकडे तोंड करून, त्या उभ्या राहिल्या.

"चाला धारणीले," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत परत यायचं हाय. पानं मोजून ठेवले मी."